कडी कुणाच्या बाजूला

एका गावात दुकान एकच, धोंडीशेटचं. मिठापासून औषधी मुळ्यांपर्यंत सगळं तिथंच मिळे. रस्त्यावर त्याला रुंद दार होतं. यावं, हवं ते घ्यावं, चालू लागावं.

शेटला हेच खुपायला लागलं. गिऱ्हाईक घरी जाऊन काय खातं, काय बोलतं, काही कळत नाही. दुकानाची मागची भिंत आळीतल्या घरांना लागून होती. त्यानं तुळाजी सुताराला बोलावलं.

"घराघरांत दुकानाचं एकेक दार काढ. लोकांना फुकट. कडी मात्र माझ्या बाजूला."

तुळाजीला ते खटकलं. पण काम मोठं होतं. त्यानं वीस दारं ठोकली. आपल्या घरात तेवढं बसवलं नाही.

मग रस्त्यावरच्या दाराचे हाल सुरू झाले. पायरी निघाली, ती कुणी बसवलीच नाही. वर दाराशी एक मुनीम. तुळाजीची बायको यमुना खोकल्यानं बेजार, म्हणून तो रोज ज्येष्ठमध आणायला जाई.

"घरात दार बसवताय का?"

"नको."

"नुसतं ‘नको’ चालत नाही, तुळाजीदादा. ‘आत्ता नको’ म्हणा."

म्हणजे विचारायचं ह्यांनी आणि उत्तरही ह्यांनीच शिकवायचं.

तिकडे शेट वाटेल तेव्हा लोकांच्या घरात शिरू लागला. डबे उघडून बघी. सरूवहिनीकडे मुलीला बघायला पाहुणे आले, तर चहा व्हायच्या आत हा शालू घेऊन हजर. भाव दुप्पट. गरज त्यानं भिंतीआडून ऐकली होती.

एका सकाळी रस्त्यावरचं दार बंदच. मुनीम फटीतून म्हणाला, "ज्येष्ठमध आता घरातल्या दारानंच."

तुळाजी रिकाम्या हातानं परतला. यमुनेला धाप आवरत नव्हती.

"बसवा की एक दार," ती म्हणाली. "लोकांच्या घरात वीस बसवलीत, तेव्हा नाही लाज वाटली."

ते वर्मी लागलं. त्यानं हत्यारांची पिशवी उचलली आणि तडक सरूवहिनीचं घर गाठलं.

"वहिनी, शेटनं कडी त्याच्या बाजूला मागितली आणि मी दिली. चूक माझी."

त्यानं घरातल्या बाजूनं जाड अडसर ठोकला. वहिनीनं आपल्या डब्यातला ज्येष्ठमध त्याच्या हातावर ठेवला. दिवस मावळायच्या आत वीसही दारांना अडसर लागले.

शेट ढकलून ढकलून दमला. लोक पायपीट करून शेजारच्या गावातनं माल आणू लागले. आठव्या दिवशी रस्त्यावरचं दार उघडलं. पायरीसुद्धा बसली.

पहिला गेला तुळाजी. मुनीमानं सवयीनं तोंड उघडलं.

"नको," तुळाजी म्हणाला.

मुनीमानं मुकाट्यानं ज्येष्ठमध तोलला.

तात्पर्य: रस्त्यावरचं दार मुद्दाम मोडून जो तुमच्या घरात शिरायला बघतो, मग तो दुकानदार असो की ‘आमचं अ‍ॅप घ्या’ म्हणून मोबाईलवर मागे लागणारी कंपनी, तो तुमची सोय बघत नसतो. कडी आपल्याच बाजूला ठेवावी आणि नको असेल तर सरळ ‘नको’ म्हणावं.