पारूबाईचे शेंगोळे

“खोटं बोलताय तुम्ही, माय!”

“बरं.”

“बरं काय? वीस वर्षं आई दर शनिवारी इथं यायची. तुमच्या या चुलीवर शेंगोळे करायची. तुम्हाला ठाऊक नाही, तर ठाऊक कुणाला?”

“हुलग्याचं पीठ, लसूण, मिरची, जिरं, मीठ. कढत पाण्यात सोडायचे. सांगितलं की तुला.”

“एवढं तर शेंबड्या पोरालाही येतं!”

“मग झालं तर.”

रंगनाथच्या नाकपुड्या फुलल्या. चार तालुक्यांत नाव असलेला आचारी तो. हजार पानांची पंगत उठवायची आणि रस्सा एकदाही चाखून बघायचा नाही, हा त्याचा तोरा. असल्या माणसाला ‘मग झालं तर’ म्हणणं म्हणजे कानाखाली देण्यासारखंच.

पण चिमामायचं असंच होतं. घाटाखालच्या त्या मठात ती चाळीस वर्षं राहिली. लोक तिला गुरू म्हणायचे. पाया पडायला वाकले की ती पाय लुगड्यात ओढून घ्यायची.

मायच्या हाताखाली मठातच राहणारी मी भिंतीला टेकून लसूण सोलत होते. चैत्रातली दुपार. कडुनिंबाचा मोहोर अंगणात गळत होता, इतका हळू की खाली यायचं की नाही हे त्याचं अजून ठरलेलं नसावं.

रंगनाथनं पितळी डबा उघडून मायपुढं सरकवला.

“चाखा.”

मायनं एक शेंगोळा उचलला. खाल्ला. बोट चाटलं.

“चांगला झालाय.”

“चांगला झालाय ते मलाही कळतं, माय! दादांना सांगा ना ते!”

आता खरं दुखणं बाहेर आलं.

पारूबाई जाऊन दीड महिना झाला होता. तेव्हापासून तिच्या नवऱ्यानं, म्हणजे रंगनाथच्या बापानं, अन्न सोडल्यातच जमा होतं. सकाळी दोन घोट चहा. संध्याकाळी कुणी फारच मागं लागलं तर ताकाची वाटी. पोट पाठीला लागलं होतं. एकदाच त्यांनी आपण होऊन तोंड उघडलं, तेही, “शेंगोळे कर,” एवढंच म्हणायला.

“सहा वेळा केले,” रंगनाथ म्हणाला. “पहिल्यांदा आईच्या जात्यावर दळून. मग आईच्याच भांड्यात. चुलीला बाभळीची लाकडं, पाणी आपल्या विहिरीचं. काल तर आईचा पाटा घासून त्यावर वाटण वाटलं. दादा भांड्यात वाकून बघतात. पळीनं ढवळतात. आणि ताट सरकवतात. म्हणतात, हे ते नव्हेत.”

“चाखतात?”

“नाही! न चाखताच म्हणतात!”

मायनं डब्यात पुन्हा एकदा वाकून बघितलं.

“काहीतरी राहतंय. आईनं तुम्हाला सांगितलं असणार. ओवा घालायची का? तीळ? माणूस मरायला टेकलंय माय, आणि तुम्ही लपवून ठेवताय!”

माय उठली. वाटलं, आता हाकलते याला. पण ती आत गेली, परात घेऊन आली. हुलग्याचं पीठ ओतलं, माझ्या हातातला लसूण घेतला, वाटण केलं, घट्ट गोळा मळला. परात तिघांच्या मधोमध ठेवली.

“बस.”

“मला करून काय दाखवता? मी…”

“बस रे.”

तो बसला.

आम्ही वळायला लागलो. चिमूटभर गोळा घ्यायचा, तळव्यांत लांबवायचा, दोन टोकं जुळवून कडं करायचं. पुन्हा गोळा. पुन्हा कडं.



या कामाची एक गुंगी असते. हात चालतात आणि माणूस दुसरीकडंच जातं. ओल्या हुलग्याचा मातकट वास वर येतो. नदीकडून वारा येतो, देवळातली घंटा अर्धीच हलते. लसणानं डोळे चुरचुरतात आणि त्या पाण्यातून समोरचं सगळं लांब, जुनं दिसायला लागतं. रंगनाथचा चेहरा सैल पडत गेला. पन्नाशीचा माणूस, मांडी घालून बसलेला, दहा वर्षांचा दिसायला लागला.

उन्हं पायरीवरून खाली उतरली, तरी आम्ही वळतच होतो.

मग माय परातीकडं बघत हळूच म्हणाली, “यातले माझे कोणते?”

“हे. वाकडे.”

“हिचे?”

“हे पातळ.” माझ्याकडं बघून म्हणाला, “फार पातळ. पाण्यात विरघळतील.”

मेला! मी पुढचा गोळा उचलला.

“आणि तुझे?”

त्याचे सांगायलाच नकोत. साच्यातून काढल्यासारखे.

“घरच्या भांड्यातलेही ओळखायचास?”

“हो.” त्याचे डोळे अर्धे मिटले होते. “शेंगोळ्याच्या दिवशी परातीभोवती आम्ही सगळेच असायचो. आईचा दंडकच होता. जो वळील तो खाईल. आईचे बारीक, करंगळीएवढे. आक्काच्यांची टोकं सुटलेली. मी लहान, मी साप करायचो…”

“आणि दादा?”

रंगनाथ हसला. आल्यापासून पहिल्यांदा.

“दादांचे हात बघितलेत ना तुम्ही? मोट हाकून हाकून राठ झालेले. अंगठ्याएवढा जाड एकेक शेंगोळा! आई म्हणायची, धनी, हे शेंगोळे आहेत का बैलाच्या गळ्यातली लोढणी? ते म्हणायचे, दातांना काम नको का? आतून कच्चेच राहायचे ते.”

“फेकून द्यायचात?”

“छे! आई घ्यायची. पळीनं शोधून शोधून. सगळ्यांत खाली बसलेले असायचे जड म्हणून. आपल्या ताटात दुसरे येऊच द्यायची नाही. आणि दादा जेवता जेवता तिच्या ताटाकडं बघायचे. नुसते बघायचे…”

त्याचा हात थांबला. पुन्हा चालू झाला.

“आता वळायला कोण असतं?” मायनं विचारलं.

“मी एकटाच. बायकोला घाटणी जमत नाही. सगळे एका मापाचे व्हायला हवेत ना, तर सारखे शिजतात.”

“आणि तुझा बाप?”

“दादा? दादांना मी काडी इकडची तिकडं करू देत नाही, माय. खाट हवेशीर जागी टाकलीय. पाणीसुद्धा हातात देतो. परवा मी वळत होतो, तर भिंत धरत धरत आले. माझ्यासमोर परातीशी बसले. हात पुढं केला…”

“मग?”

“मग काय? हात थरथरतो त्यांचा. पीठ सांडलं. आणि दारात पाव्हणे आलेले. बायको गेली नि पोरानं म्हाताऱ्याला चुलीपुढं बसवलं, असं म्हणायचे लोक. मी त्यांना उचललं तसंच दोन्ही हातांनी. आणि नेऊन खाटेवर…”



कडुनिंबाची दोन फुलं परातीत पडली. कुणी उचलली नाहीत…

“हलके लागले हातांना,” रंगनाथ म्हणाला. आवाज बदलला होता. “पोरासारखे हलके. मी म्हटलं, दादा, तुम्ही फक्त खायचं. बाकी काही करायचं नाही. खाटेवरून माझ्या परातीकडं बघत राहिले.”

मायनं हाताचं पीठ चोळून काढलं. डब्याचं झाकण लावलं. डबा त्याच्या मांडीवर ठेवला.

“पण मी सेवाच करतोय ना, माय?” त्याचा आवाज पुन्हा चढला. शेवटचा. “मुलानं आणखी काय करायचं असतं? तुम्हीच सांगा! काय चुकलं माझं?”

मायनं परात बाजूला सरकवली. मग म्हणाली,

“म्हाताऱ्याला वाढणं बंद कर, रंगनाथ. कामाला बसव.”