बाजारच्या दिवसाचा काढा

एकदा एक तरुण दूरदेशी वैद्यक शिकून आपल्या मुलखात परतला आणि अनुभवाचे धडे घ्यायला एका वृद्ध वैद्यांकडे राहिला. लोकांचं भलं करायची त्याला एवढी घाई होती, की पंगतीत भात वाढून होईपर्यंतही तो स्वस्थ बसत नसे. गुरुजींनी त्याला सांगून ठेवलं होतं, "ती भिवराबाई कासारीण तुझ्या हातून बरी होऊ दे. मग तू स्वतःचा दवाखाना मांडायला मोकळा."

भिवराबाई आठवड्याच्या बाजारात बांगड्या भरायला बसे. तिला लघवीच्या वेळी जळजळ होई, पाठीत कळा येत आणि मग हुडहुडी भरून ताप चढे. शिष्याने रोग अचूक ओळखला. काढाही योग्य दिला: गोखरू आणि धने जवाच्या पाण्यात उकळून, दिवसभर थोडा थोडा घ्यायला. ताप उतरला. पण बाजार झाला की तो परत हजर. हे असंच चालू राहिलं. दाह मूत्रपिंडांत मुरला तर बाई हातची जाईल, हे शिष्याला कळत होतं. त्याची झोप उडाली.

"मावशी, काढा घेता ना?" तो विचारी.

"घेते की."

"दिवसभर?"

"घेते म्हटलं ना, वैद्यबुवा." एवढं बोलून ती दुसरीकडे बघे. त्यापुढचं विचारायला शिष्याची जीभ रेटत नसे. परक्या बाईला असलं कसं विचारायचं?

एका सकाळी तो तरातरा गुरुजींसमोर आला. "गुरुजी, ती बाई खोटं बोलते. मागच्या बाजारी तिच्या पाठीमागे लिंबाच्या बुंध्याशी मी ओल पाहिली. माझा काढा ती झाडाला घालते. जिला बरंच व्हायचं नाही, तिला मी काय वाचवणार?"

गुरुजी सुपात धने पाखडत होते. त्यांनी सूप खाली ठेवलं, चुलीवरचा तोच काढा तांब्याच्या कळशीत ओतला आणि कळशी त्याच्या हातात दिली.

"आज बाजार आहे. तिच्या शेजारी जाऊन बस आणि हा काढा थोडा थोडा पीत राहा. मात्र ती उठेल तेव्हाच तू उठायचं."

"मी प्यायचा? मला काय झालंय?"

"ते संध्याकाळी तूच सांग."

शिष्य चडफडत गेला. भिवराबाईने त्याला बसायला पोतं दिलं. बाया येत, मनगट पुढे करत, ती बोटं दाबून दाबून बांगड्या चढवी. शिष्याने हट्टानेच पेल्यामागून पेला रिचवला. ऊन चढलं तसा तो सारखी मांडी बदलू लागला. समोर कापडाच्या व्यापाऱ्याची लांबलचक भिंत होती. बाजारातले पुरुष एकेक करून तिच्या आड जात आणि धोतर सावरत सावकाश परत येत. शिष्य एकदा अर्धा उठला. अट आठवून परत बसला.

"काय बुवा, मुंग्या चावतात का?" भिवराबाईने विचारलं.

"छे, छे."

पलीकडे कुंभार, माठ गळत नाहीत हे गिऱ्हाइकांना पटवायला, या माठातलं पाणी त्या माठात ओतत होता. शिष्याने तोंड फिरवलं, पण आवाज कानांवर पडतच राहिला.

दुपारी भिवराबाईने कोरडी भाकरी खाल्ली आणि पाण्याने फक्त ओठ ओले केले.

"मावशी, घोटभर पाणी तरी प्या."

"घरी गेल्यावर."

"घरी कधी जाणार?"

"अंधार पडला की. आधी नाल्याकडे, मग घरी." बांगड्यांचा भाव सांगावा इतक्या सहज ती म्हणाली.

शेजारची भाजीवाली हसली. "भिवरे, बुवाला पण दाखव गं नाल्याची वाट. बघ कसा डुलतोय."

शिष्य हसला नाही. त्याने त्या ओळीत बसलेल्या सगळ्या बायांकडे पाहिलं. प्रत्येकीजवळचं पाण्याचं भांडं भरलेलं होतं. त्या लिंबाकडे मात्र त्याच्याने बघवेना.

बाजार उठल्यावर तो घामाघूम होऊन परतला, आधी परसात धावला आणि मग गुरुजींपुढे मान खाली घालून बसला.

"काय झालं होतं तुला?" गुरुजींनी विचारलं.

"काही नाही, गुरुजी. काढा उत्तम होता."

गुरुजी म्हणाले, "शरीर आपलं घर फार निगुतीने झाडतं. श्वासावाटे विटाळलेली हवा टाकतं, घाम काढतं, मळ पुढे लोटतं. मूत्रपिंडं क्षणाचीही उसंत न घेता रक्त गाळतात आणि नको ते पिशवीत आणून ठेवतात. शेवटचं दार तेवढं त्याने माणसाच्या हाती सोपवलं आहे. पुरुष ते हवं तेव्हा उघडतो. त्या बायांच्या दाराला मात्र गावाने बाहेरून कडी घातली आहे. आत साचलेलं कुजणार नाही तर काय होईल? तू दिवसभर औषध ओतत होतास, बाबा. बाहेर पडायची सोय कुठे आहे, हे विचारायला लाजलास."

शिष्य त्या रात्री नीट झोपला. पहाटे तो कुदळ, बांबूचे तट्टे आणि काढ्याची कळशी घेऊन व्यापाऱ्याच्या भिंतीमागे गेला. व्यापारी ओरडतच आला.

"वैद्य ना तुम्ही? माझ्या जागेत हे कसले खड्डे खणता?"

शिष्याने कळशीतला काढा पेल्यात ओतून पुढे धरला. "शेठजी, येत्या बाजारी हा दिवसभर प्या आणि दिवेलागणीपर्यंत गादीवरून उठू नका. नंतरही नको म्हणालात, तर मी खड्डे बुजवून जाईन."

व्यापाऱ्याने पेल्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. मग त्याने विचारलं, "आडोशाला दार कुठल्या बाजूने ठेवणार?"

पुढच्या बाजारी शिष्याने भिवराबाईला पेला भरून दिला. तिने तो तिथेच, त्याच्यादेखत संपवला. काही वेळाने भाजीवालीला म्हणाली, "बांगड्यांकडे बघ गं जरा." आणि भर दुपारी, उजेडात, ती उठली.

शिष्य खाली बघून विस्कटलेल्या बांगड्या रंगवार लावत बसला.