बोलका कडा

डांगवणच्या पश्चिमेला जो काळाभोर, सरळ तुटलेला कडा दिसतो, त्याला बोलका कडा म्हणतात. नाव ऐकून पाहुणे पायथ्याशी उभे राहतात, तोंडाशी हात धरून हाका मारतात आणि कान देऊन थांबतात. काही येत नाही. हाक दरीत जिरून जाते. मग गावचे बुधा मेंगाळ त्यांना कड्याच्या छातीवर लटकलेली आग्या मोहोळं दाखवतात, जरा हळू बोला म्हणतात, आणि सावलीला बसवून वाळकूची गोष्ट सांगतात.

फार जुनी गोष्ट आहे म्हणे. डांगवणात तेव्हा बाराच घरं होती. वाळकू आणि गोमा एकाच श्रावणात जन्मले, एकाच झाडाखाली खेळले, आणि मिसरूड फुटल्यावर दोघं मिळून कड्यावरचा मध काढू लागले. वाळकू दोराने खाली उतरायचा, गोमा वर दोर धरायचा. उलट कधी झालं नाही.

एका फाल्गुनात, उन्हं चढल्यावर, मोहोळ उठलं. ते वाळकूवर न येता वर गेलं, गोमावर. जवळच पाण्याचं कुंड होतं; दोर सोडला असता तर गोमाने त्यात उडी घेतली असती. पण दोराला वाळकू होता. दोर हलला, थरथरला, सुटला नाही. वाळकू वर आला तेव्हा गोमा काठावरच्या अंजनाच्या झाडाच्या बुंध्याला टेकून बसला होता. दोर कमरेला गुंडाळलेला, डोळे सुजून मिटलेले. "आलास?" एवढंच त्याने विचारलं. दिवस मावळायच्या आत तो गेला.

त्या दिवसापासून वाळकूला बूड टेकवेना. भाकर खायची तीही उभ्याने. औत धरलं तर दोन तासं घालून बैल तिथेच सोडायचा आणि रानाची वाट धरायचा. चार माणसांनी गोमाचा विषय काढला की हा उठलाच. त्याच्या तोंडून गोमाचं नाव कोणी ऐकलं नाही. गोमाची आई सोमीबाय गावाच्या मध्यावर राहायची. तिचं दार टाळायला तो ओढ्याला वळसा घालून घरी जायचा. भगताने अंगारा दिला. अंगारा कपाळावर राहिला आणि पाय चालतच राहिले.

वैशाखात त्याच्या मनाने घेतलं की कड्यावरची सगळी मोहोळं जाळायची. त्याशिवाय या पायांना थारा नाही. सुक्या गवताची चूड पाठीला बांधली, चकमक कमरेला खोचली, आणि दोर एकट्यानेच अंजनाला वेढून गाठी मारल्या. तेवढ्यात करवंदं वेचायला आलेली सोमीबाय समोर उभी राहिली.

तिने चूड पाहिली. जाळू नको, असं ती म्हणाली नाही.

"दोर कुनी धरलाय?" तिने विचारलं.

"झाडाला बांधलाय, आये."

"झाडाला काय कळतं?" करवंदांची पाटी खाली ठेवून तिने गाठी सोडल्या. बुंध्याचे वेढे तसेच ठेवून दोराचं टोक हातात घेतलं आणि मुळाला पाय रोवून बसली. "उतर. पन बोलत ऱ्हा. मला खालचं दिसत न्हाय. बोललास की कळंल, तू हायेस."

वाळकूचा इलाज चालेना. तो उतरू लागला. दोन महिने जे गिळून ठेवलं होतं, तेवढंच बोलण्यासारखं आत होतं.

"आये, गोम्याच्या गुडघ्यावरचा वण... तो दगडावर पडून न्हाय झाला. पाटलाच्या रेड्यावर बसला व्हता."

"मग?" वरून सोमीबायचा आवाज आला.

"रेड्यानं बाभळीत नेऊन टाकला."

"मग?"

मग वाळकूने वेताळापुढचा नारळ आपण दोघांनीच फोडून खाल्ला ते सांगितलं, आणि त्याचा मार भलत्याच पोराने कसा खाल्ला तेही. सोमीबाय हात-हात दोर सोडत होती. "आनि कड्याला तो कधी उतरलाच न्हाय, आये. उंचीला भ्यायचा. काठावर आला की पाय लटलटायचे त्याचे."

"मला सांगायचा, मीच उतरतो म्हून," सोमीबाय म्हणाली, आणि हसली.

तोवर वाळकू मोहोळाच्या अंगाला आला होता. माश्यांचा काळा थर समोर लाटेसारखा हलत होता. चूड पेटवली की हे सगळं कुठे जाणार ते त्याला ठाऊक होतं. वर म्हातारी बसली होती, आणि ती दोर सोडणार नव्हती. चकमकीवर गेलेला त्याचा हात तिथेच राहिला.

मग आजवर कोणाला सांगितलं नव्हतं ते तो बोलला. "आये, त्या दिशी गोम्या वरनं म्हनला व्हता, पुरे आता, वर ये. मी ऐकलं. आनि आनखी एक पोळं कापाया गेलो. त्यानंच मोहोळ उठलं."

वरून काही आलं नाही. वारासुद्धा थांबला होता, असं सांगतात. वाळकू डोळे मिटून लोंबकळत राहिला. सुटला दोर तर सुटू दे, असं त्याला वाटलं. दोर बोटभरही सरकला नाही. किती वेळ गेला कोण जाणे. मग घोगरा आवाज आला.

"मग?"

"मग काय न्हाय. त्यानं मला वर घेतलं."

"तर ये वर."

वाळकूने चूड दरीत सोडून दिली. एवढं मोठ्याने बोलूनही एक माशी उठली नव्हती, हे जुनी माणसं नवल म्हणून सांगत. वर येऊन त्याने पाहिलं तर सोमीबायच्या तळहातांची सालटी निघाली होती. तो तिच्याजवळ बसला. दोघांनी पाटीतली करवंदं खाल्ली. नारळाबद्दल तिने त्याला आता, इतक्या वर्षांनी, दोन शिव्या घातल्या. ऊन कलेपर्यंत तो उठला नाही.

पायांची ती ओढ पुरती गेली नाही म्हणे. अधूनमधून घास टाकून तो उठायचाच. पण मग सोमीबायच्या ओट्यावर जाऊन बसायचा.

आजही डांगवणात मधाला उतरणारा माणूस दोर नुसता झाडाला बांधून उतरत नाही, आणि उतरताना तोंड मिटत नाही. आपल्यातून गेलेल्या कोणाचं तरी तो सांगत राहतो. बहुतेक वेळा लहानपणीच्या एखाद्या सवंगड्याचं. पायथ्याशी उभ्या पाहुण्यांना शब्द लागत नाहीत. वरून मधूनमधून येणारं "मग?" तेवढं स्पष्ट ऐकू येतं, आणि ते आल्याशिवाय खालचा माणूस पुढचा पाय टाकत नाही.