बंद पाडून दाखव

“पण चालतोय ना तो, उस्ताद! आता अजून काय बघायचं?”

अभिनंदन चौगुले कॉम्प्युटरच्या झाकणाचा शेवटचा स्क्रू आवळत होता. इंजिनिअरिंग पहिल्या वर्गात पास झालेला मुलगा. मिरजेत हॉस्पिटलांची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या उस्ताद बदरुद्दीन यांच्याकडे तो काम शिकायला आला होता. आता शिकण्यासारखं फारसं उरलेलं नाही, असं त्याचं अलीकडे मत झालं होतं.

उस्तादांनी विचारलं, “बिघाड काय होता?”

“ग्राफिक्स ड्रायव्हरचं सॉफ्टवेअर. जुनं काढलं, नवं टाकलं. पेटी उघडूनही बघितली, आत सगळं ठीक आहे.”

“ड्रायव्हरच होता, हे कशावरून?”

“तो बदलला आणि कॉम्प्युटर चालायला लागला.”

उस्तादांनी त्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हर घेतला आणि नुकताच आवळलेला स्क्रू सैल केला. मग दुसरा. मग तिसरा.

“उस्ताद…?”

“बंद पाडून दाखव.”

“चालणारा कॉम्प्युटर बंद पाडू?”

“हो.”

कॉम्प्युटर डॉक्टर निवेदिता हिरेमठ यांचा होता. त्यावर निंगव्वाच्या जबड्याचं, स्कॅनवरून बनवलेलं त्रिमिती चित्र होतं.

निंगव्वा जत तालुक्यातली. रांगत्या वयात हनुवटीवर पडली आणि तिच्या जबड्याचं हाड कवटीला जुळून गेलं. तेव्हापासून तिचं तोंड उघडलेलं नव्हतं. दातांच्या फटीतून जेवढी पेज आत जाईल, तेवढ्यावर ती मोठी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं ऑपरेशन होतं. हाड कुठं कापायचं आणि त्यामागची रक्तवाहिनी कुठून जाते, हे डॉक्टर ऑपरेशनच्या वेळी ते चित्र फिरवून बघणार होत्या.

आणि चित्र फिरवलं, की पडदा काळा होत होता.

“मी डॉक्टरांना फोन केलाय,” अभिनंदन म्हणाला. “दुरुस्त झाला म्हणून सांगितलंय.”

“परत कर. झाला नाही म्हणून सांग.”

“माझी काय किंमत राहील, उस्ताद?”

उस्तादांनी फोन त्याच्यापुढे सरकवला.

अभिनंदनने फोन केला. पलीकडून डॉक्टर एवढंच म्हणाल्या, “बरं झालं सांगितलंत. संध्याकाळपर्यंत होईल?”

त्याने उस्तादांकडे पाहिलं. उस्ताद खिडकीबाहेर बघत होते.

“प्रयत्न करतो, मॅडम.”

मग तो रागारागाने खुर्चीवर बसला. चित्र उघडलं. जबडा पडद्यावर आला, हस्तिदंतासारखा पिवळट. त्याने तो डावीकडे फिरवला. उजवीकडे फिरवला. चालत होता.

“बघा.”

“बघतोय.”

“बंद पडत नाही!”

“मग अजून दुरुस्त नाही.”

अभिनंदन फिरवत राहिला. उलटा. सुलटा. कपाळापासून हनुवटीपर्यंत. कॉम्प्युटरच्या आतल्या पंख्याचा आवाज वाढत गेला. पेटीतून गरम वारा त्याच्या गुडघ्यावर यायला लागला. हळूहळू त्याचा राग ओसरला. तो आता उस्तादांकडे बघत नव्हता. पंख्याकडे कान देऊन बसला होता.

अचानक पडदा काळा झाला.

“पडला!” तो खुर्चीतून उठला. “उस्ताद, बंद पडला!”

“खूश का होतोस?”

“कारण… गरम झाल्यावर पडला. सकाळी मी गार कॉम्प्युटर तपासत होतो. ड्रायव्हर नवाच आहे, तरी पडला. ड्रायव्हर नव्हता तो!”

“मग काय होतं?”

“कार्ड असेल.”

“असेल…?”

अभिनंदनने ग्राफिक्स कार्ड सॉकेटमधून हलकेच उपसून काढलं आणि दुकानातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये बसवलं. बाकी कशालाही हात लावला नाही. तेच चित्र त्यावर उघडून फिरवायला घेतलं. कार्ड तापलं, आणि तिथंही पडदा काळा झाला.

बिघाड कार्डाबरोबर गेला होता.

मग दुकानातलं चांगलं कार्ड त्याने डॉक्टरांच्या कॉम्प्युटरमध्ये घातलं आणि तो बंद पाडायला बसला. अगदी जिद्दीने. जेवायला उठला नाही. उस्तादांनी चहा आणून ठेवला, तो गार झाला. पेटी तापली, पंखा घोंघावत राहिला, आणि जबडा फिरत राहिला… फिरत राहिला.

उन्हं कलली तेव्हा अभिनंदनने माउसवरचा हात काढला.

“नाही पडत, उस्ताद. मी हरलो.”

त्याच्या चेहऱ्यावर एवढं हसू होतं, की उस्तादांनाही हसू आलं.

“घेऊन जा,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन थिएटरच्या बाहेर, भिंतीला टेकून, अभिनंदन उभा होता. शेजारी निंगव्वाची आई बसली होती. बऱ्याच वेळाने डॉक्टर हिरेमठ बाहेर आल्या. त्यांनी मास्क खाली ओढला.

“पडदा शेवटपर्यंत सुरू होता,” त्या म्हणाल्या. मग आईपुढे बसून त्यांनी आपली तीन बोटं उभी एकावर एक धरली. “एवढं उघडलं, आई. तोंड एवढं उघडलं.”

आईने ती तीन बोटं दोन्ही हातांनी धरली आणि आपल्या कपाळाला लावली.

काही आठवड्यांनी निंगव्वाने हॉस्पिटलच्या व्हरांड्यात जन्मात पहिल्यांदा भाकरीचा तुकडा दातांनी तोडला. किती वेळ चावत होती. मग एकदम हसायला लागली, तोंड उघडून, सगळ्यांसमोर. व्हरांड्यातल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. अभिनंदन कॉम्प्युटर बघायला म्हणून गेला होता. तोही टाळ्या वाजवत होता, आणि डोळे पुसायचं त्याला भान नव्हतं.

तिथून तो थेट दुकानात आला आणि उस्तादांच्या पाया पडला.

“बिघाड कसा शोधायचा ते कळलं, उस्ताद. आता पुढचं शिकवा.”

उस्ताद उठले. कोपऱ्यातला एक कॉम्प्युटर त्यांनी त्याच्यापुढे आणून ठेवला आणि सुरू केला. पडदा लख्ख उजळला.

“याला काय झालंय?” अभिनंदनने विचारलं.

“काही नाही. उत्तम चालतोय.”

“मग…?”

“का चालतोय, ते शोध.”