कुर्लीच्या बिळावर हवेची होडी

एक होती कुर्ली, खेकड्याच्या जातीची. एवढीश्शी. नाव तिचं चिमी. वाळूत तिचं बीळ, बिळात तिचं पिल्लू.

चिमी गेली खाऊ आणायला. तुरुतुरु तिरकी, तुरुतुरु तिरकी. परत येते तर काय? बीळ दिसेना. बिळावर होडी. रबराची, टम्म फुगलेली.

होडी होती धाकलू तांडेलाची. त्याचं मोठं गलबत उभं खोल पाण्यात. काठावर यायला त्यानं छोटी होडी निवडली. लाकडाची? नको, जड. पत्र्याची? नको, खणखणते. हवेची बरी. फुगवली की होडी, घडी घातली की गाठोडं. निवडली छान हो, पण ठेवली कुठे? नेमकी बिळावर. काय म्हणावं या माणसाला.

आतून आवाज आला, "आई..."

चिमीनं वाळू उकरली. वाळू ढासळली. पुन्हा उकरली. पुन्हा ढासळली.

"होडीबाई, होडीबाई, हल ना गं."

होडी म्हणाली, "तांडेलानं उचलल्याशिवाय मी हलत नाही."

तुरुतुरु तिरकी. चिमी गेली तांडेलाकडे.

"तांडेलमामा, तांडेलमामा,
होडी हलत नाही,
पिल्लू आत, अन् मी बाहेर."

तांडेल म्हणाला, "खारट होडी ठेवली तर खराब होते. गोड्या पाण्यानं धुतल्याशिवाय मी उचलत नाही. पोहऱ्याला सांग."

तुरुतुरु तिरकी. विहिरीवर होता पोहरा.

"पोहरेदादा, पोहरेदादा,
तांडेल उचलत नाही,
होडी हलत नाही,
पिल्लू आत, अन् मी बाहेर."

पोहरा म्हणाला, "दोर बांधल्याशिवाय मी उतरत नाही."

तुरुतुरु तिरकी. वेटोळं घालून पडला होता दोर.

"दोरभाऊ, दोरभाऊ,
पोहरा उतरत नाही,
तांडेल उचलत नाही,
होडी हलत नाही,
पिल्लू आत, अन् मी बाहेर."

दोर म्हणाला, "माझ्यावर मांजर झोपलंय. ते उठल्याशिवाय मी सुटत नाही."

चिमी होडीपाशी आली. कान दिला. आवाज आला, पण किती बारीक. "आई..."

धावली बिचारी. तुरुतुरु तिरकी, तुरुतुरु तिरकी.

"मनीताई, मनीताई,
दोर सुटत नाही,
पोहरा उतरत नाही,
तांडेल उचलत नाही,
होडी हलत नाही,
पिल्लू आत, अन् मी बाहेर."

मांजरानं एकच डोळा उघडला. आळशी मेलं. "मासा खाल्ल्याशिवाय मी उठत नाही."

चिमी पुन्हा होडीपाशी आली. कान दिला. आता आवाजच नाही.

चिमी मट्कन वाळूत बसली. रड रड रडली.

तिकडून आली जनाबाय. डोक्यावर मासळीची टोपली, पाठीशी तान्हं बाळ.

चिमी हळूच म्हणाली,

"जनामावशी, जनामावशी,
मांजर उठत नाही,
दोर सुटत नाही,
पोहरा उतरत नाही,
तांडेल उचलत नाही,
होडी हलत नाही,
पिल्लू आत, अन् मी बाहेर."

आता हीसुद्धा नाही म्हणणार. चिमीनं डोळे मिटले.

जनाबाय नाही म्हणाली नाही. काही मागितलंही नाही. पाठीवरच्या बाळाला थोपटलं, अन् मांजराला मासा टाकला.

मांजर उठलं. टुण्णकन!
दोर सुटला. सर्र सर्र!
पोहरा उतरला. डुबुक!
तांडेलानं होडी धुतली, खळाळ खळाळ. उचलली, पुसली, उन्हात वाळवली. बूच काढलं. फुस्स्स्स!

खाली बीळ. गप्प.

"बाळा?"

काही नाही.

"बाळा, मी आले रे."

वाळू हलली. दोन डोळे वर आले. "आई, मी रडून रडून झोपलो होतो."

चिमीनं पिल्लाला पोटाशी घट्ट धरलं.

होडी गेली पिशवीत, पिल्लू आलं कुशीत.