टुणकीची जागा ओली होईना

होती एक बेडकी. केवढी? चिंचोक्याएवढी. नाव काय? टुणकी.

टुणकी राहायची गोदामावशीच्या अंगणात. अंगणात होता एक रांजण, मातीचा, मोठ्या पोटाचा. रांजण पाझरायचा, टप टप, टप टप. रांजणाखाली सगळं ओलं ओलं, गार गार. तिथे टुणकी बसायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, "डुरुक."

बेडकीला ओली जागा लागतेच बरं. कोरड्यात तिला राहवत नाही.

एक दिवस आला एक बोकड. त्याची पाठ खाजत होती. बोकडाला का हात असतात खाजवायला? त्यानं पाठ रांजणाला घासली. खस खस, खस खस. रांजण कलंडला. धप्प. फुटला की हो. पाणी सांडलं. ऊन आलं आणि सगळं पाणी पिऊन गेलं.

टुणकीची जागा कोरडी ठणठणीत.

टुणुक टुणुक टुणकी गेली गोदामावशीकडे.

"मावशी, मावशी, रांजण फुटला, पाणी सांडलं, माझी जागा ओली होईना. तू पाणी भर ना."

मावशी म्हणाली, "कशात भरू गं बाई? कुंभारानं रांजण घडवला, तर मी पाणी भरीन. माझं ताकसुद्धा गार होईना. गरम ताक कोण विकत घेतंय?"

मावशीच्या खुंटीला होती एक नवी कोरी छत्री. छत्रीत भरले होते कांदे.

"मावशी, ही छत्री कुठली?"
"मदत आलीय."
"तुला हवी होती?"
"कुणी विचारलंच नाही."

"बरं. होतंय की," टुणकी म्हणाली.

टुणुक टुणुक टुणकी गेली कुंभाराकडे.

"कुंभारदादा, कुंभारदादा, रांजण फुटला, पाणी सांडलं,
मावशी पाणी भरेना,
माझी जागा ओली होईना.
तू रांजण घडव ना."

कुंभार म्हणाला, "माझं चाक मोडलंय. सुतारानं चाक केलं, तर मी रांजण घडवीन."

कुंभाराच्या दारात होती एक नवी कोरी छत्री. उलटी ठेवलेली. आत खुडूक कोंबडी बसलेली.

"दादा, ही छत्री कुठली?"
"मदत आलीय."
"तुला हवी होती?"
"कुणी विचारलंच नाही."

"बरं. होतंय की," टुणकी म्हणाली.

टुणुक टुणुक टुणकी गेली सुताराकडे.

"सुतारदादा, सुतारदादा, रांजण फुटला, पाणी सांडलं,
मावशी पाणी भरेना,
कुंभार रांजण घडवेना,
माझी जागा ओली होईना.
तू चाक कर ना."

सुतार म्हणाला, "लाकूड तासू कशानं? माझा वाकस मोडलाय. लोहारानं वाकस ठोकला, तर मी चाक करीन."

सुताराच्या ओट्यावर होती एक नवी कोरी छत्री. तिच्यावर वाळत होता सुताराचा सदरा.

"दादा, ही छत्री कुठली?"
"मदत आलीय."
"तुला हवी होती?"
"कुणी विचारलंच नाही."

"बरं. होतंय की," टुणकी म्हणाली.

टुणुक टुणुक टुणकी गेली लोहाराकडे. ऊन चढलं होतं. टुणकीची पाठ खरखरीत झाली होती. पण थांबते कसली?

"लोहारदादा, लोहारदादा, रांजण फुटला, पाणी सांडलं,
मावशी पाणी भरेना,
कुंभार रांजण घडवेना,
सुतार चाक करेना,
माझी जागा ओली होईना.
तू वाकस ठोक ना."

लोहार म्हणाला, "माझी भट्टी विझलीय. गाडीवानानं कोळसा आणला, तर मी वाकस ठोकीन."

लोहाराच्या हातात होती एक नवी कोरी छत्री. तिच्या टोकानं तो राख उकरत बसला होता.

"दादा, ही छत्री कुठली?"
"मदत आलीय."
"तुला हवी होती?"
"कुणी विचारलंच नाही."

"बरं. होतंय की," टुणकी म्हणाली.

टुणुक टुणुक टुणकी गेली गाडीवानाकडे.

"गाडीवानदादा, गाडीवानदादा, रांजण फुटला, पाणी सांडलं,
मावशी पाणी भरेना,
कुंभार रांजण घडवेना,
सुतार चाक करेना,
लोहार वाकस ठोकेना,
माझी जागा ओली होईना.
तू कोळसा आण ना."

गाडीवान म्हणाला, "माझा बैल बसलाय. तो उठला, तर मी कोळसा आणीन."

बैल बसला होता गोठ्यात. त्याच्या शिंगाला टांगली होती एक नवी कोरी छत्री.

"बैलोबा, बैलोबा, रांजण फुटला, पाणी सांडलं,
मावशी पाणी भरेना,
कुंभार रांजण घडवेना,
सुतार चाक करेना,
लोहार वाकस ठोकेना,
गाडीवान कोळसा आणेना,
माझी जागा ओली होईना.
तू ऊठ ना."

बैल म्हणाला, "हंब्म. पोटात काही नाही तर उठू कसा? पेंड मिळाली, तर मी उठीन."

"पेंड कुठे मिळते?"

"बाजारात. पण बाजारात पैसे लागतात. मालकाकडे पैसे नाहीत, छत्री आहे. मी एक काडी चावून पाहिली. अगदी कडक निघाली."

टुणकीला हसू आलं. मग रडू आलं. हसावं की रडावं, तिला कळेना. पाठ तर कोरडी लाकूड झाली होती. बैल म्हणाला, "ये, माझ्या नाकावर बस. बैलाचं नाक ओलं असतं." टुणकी टुणकन नाकावर बसली. तेवढंच गार वाटलं.

तोच आवाज आला. ढुर्र ढुर्र, ढुर्र ढुर्र. आली एक गाडी. गाडीत छत्र्याच छत्र्या. गाडीतून उतरली वैजूताई. वैजूताई गावोगाव मदत वाटायची. मनानं फार चांगली हो, पण घाई फार.

टुणुक टुणुक टुणकी गेली ताईकडे.

"ताई, ताई, रांजण फुटला, पाणी सांडलं,
मावशी पाणी भरेना,
कुंभार रांजण घडवेना,
सुतार चाक करेना,
लोहार वाकस ठोकेना,
गाडीवान कोळसा आणेना,
बैल काही उठेना,
माझी जागा ओली होईना.
तू मदत कर ना."

"अगं, त्यासाठीच तर आलेय," ताई म्हणाली. "घे, छत्री घे."

तिनं छत्री उघडली. फट्. टुणकी छत्रीखाली झाकूनच गेली. कुठे गेली टुणकी? दिसेना. मग टुणकन बाहेर आली.

"ताई, बैल छत्री खातो का?"
"नाही गं."
"भट्टीत छत्री जळते का?"
"नाही गं."
"छत्रीनं लाकूड तासतात का?"
"नाही गं. पण मला काय ठाऊक, कुणाला काय हवंय?"
"कुणी विचारलंच नाही," टुणकी म्हणाली.

ताई गाडीच्या पायरीवर बसली. तिला वाईट वाटलं. ती म्हणाली, "बरं, मी गाडी भरून आणते. पेंड आणते, कोळसा आणते, वाकस आणते."

"आणि घाईघाईत सुताराला पेंड दिलीस, बैलाला वाकस दिलास तर?"

"अगं बाई. मग करू तरी काय?"

"पैसे दे," टुणकी म्हणाली. "ज्याचे त्याच्या हातात दे. ज्याचं त्याला ठाऊक."

"आणि कुणी त्या पैशांची जिलबीच खाल्ली तर?"

"खाईल एखादी. पण बैल उठेल."

ताई विचारात पडली. मग हसली. छत्र्या घेऊन गाडी परत गेली, ढुर्र ढुर्र. टुणकी पुन्हा जाऊन बसली बैलाच्या नाकावर. गाडी परत आली, ढुर्र ढुर्र. या वेळी ताईनं घाई केली नाही. घरोघरी गेली. मावशीच्या हातात पैसे दिले. कुंभाराच्या, सुताराच्या, लोहाराच्या, गाडीवानाच्या, सगळ्यांच्या हातात दिले. "तुमचं तुम्ही बघा," म्हणाली.

आणि मग काय झालं, ऐका हं.

गाडीवान गेला बाजारात. त्यानं पेंड घेतली. आणि हो, एक जिलबीसुद्धा घेतली. अर्धी स्वतः खाल्ली, अर्धी बैलाला दिली.

बैलानं पेंड खाल्ली, कचर कचर. बैल उठला.

गाडी निघाली, खडाड खडाड. गाडीवानानं कोळसा आणला. कोळशाचे पैसे कुणी दिले? लोहारानं दिले.

भट्टी पेटली, फुर्र फुर्र. लोहारानं वाकस ठोकला, ठाण ठाण. वाकसाचे पैसे कुणी दिले? सुतारानं दिले.

सुतारानं चाक केलं, खट् खट्. चाकाचे पैसे कुणी दिले? कुंभारानं दिले.

चाक फिरलं, गर्र गर्र. कुंभारानं रांजण घडवला. वाळवला, भाजला, टणटणीत केला. रांजणाचे पैसे कुणी दिले? गोदामावशीनं दिले. मोठ्या ऐटीत दिले.

मग मावशीनं पाणी भरलं, घळ घळ, घळ घळ. रांजण पाझरला, टप टप, टप टप.

आणि टुणकीची जागा?

ओली झाली. ओली ओली, गार गार.

टुणकी आत शिरली. पाठ भिजली, पोट भिजलं. तिनं डोळे मिटले आणि म्हणाली, "डुरुक."

मावशीनं दारात ताकाचं दुकान मांडलं. ताक आता गारेगार. कुंभार आला, सुतार आला, लोहार आला. गाडीवान आला, त्याच्या मागे बैलही आला. बोकडही आला, पण त्याला मावशीनं लांब बांधलं. सगळ्यांनी ताक प्यायलं, घट घट, घट घट.

पुन्हा एकदा आली वैजूताई. मावशीनं तिलाही ताक दिलं. ताई रांजणाजवळ उभी राहिली. ताक संपलं, ओठ पुसले. मग ती खाली वाकली आणि तिनं विचारलं. काय विचारलं?

"टुणके, तुला काय हवंय गं?"

टुणकीनं एक डोळा उघडला. कुणीतरी विचारलं. तिला फार म्हणजे फार आनंद झाला.

"तेवढा पाय उचल ताई," ती म्हणाली. "माझ्या ओल्या जागेवर आहे."

ताईनं पाय उचलला.

पाणी पाझरलं टप टप,
टुणकी बसली गप गप,
गोष्ट शिरली रांजणाखाली,
निजा आता, रात झाली.