मामांचं टेकाड

खिंडीतलं ते गवताळ टेकाड दिसतंय ना? वर यायचं असेल तर खिशातला चाकू खाली दगडावर ठेवून या. हसू नका, आमच्या गावचा नवरदेवसुद्धा इथे हातातली कट्यार खाली ठेवतो.

फार पूर्वी ही खिंड दोन राज्यांच्या सीमेवर होती आणि इथे अंमल चालायचा तो दामज्या नाईकाचा आणि त्याच्या पाच मेहुण्यांचा. वाटसरूंना लुटायचे आणि साक्षीला कुणालाही जिवंत ठेवायचे नाहीत, असं सांगतात. एकदा त्यांनी मिठाच्या बैलांचा तांडा अडवला. तांड्यात साळूबाई नावाची सुईण होती. कोयते उगारलेले होते, तेवढ्यात वरच्या कपारीतून बाईचं विव्हळणं ऐकू आलं. दामज्याची बायको रुपली बाळंतपणात अडली होती.

"आधी तिला मोकळी करते," साळूबाई म्हणाली. "मग खुशाल मारा मला."

मुलगी झाली. नाळ कापायचा मान कुणाच्या कोयत्याला, यावरून माणसं कापणारे ते मामा आपसांत हमरीतुमरीवर आले म्हणे! साळूबाईने तोड काढली. नाळ लांब होती. बापासकट प्रत्येकाच्या कोयत्याने तिने एकेक तुकडा कापला. सगळे खूश झाले.

मग तिने सहाही कोयते ओढून घेतले. "नाळ कापलेलं पातं सुईणीचं. माझा मान बुडवलात तर पोर लाभायची नाही."

दामज्याचा चेहरा उतरला. रीत त्यालाही ठाऊक होती. त्याने लेकीकडे पाहिलं आणि तांडा सोडून दिला. साळूबाईने कोयते इथेच पुरले.

पुढे थोड्याच दिवसांत, नवी हत्यारं हाती येण्याआधीच, सरकारी स्वार चालून आले. रुपलीला पोर घेऊन निसटायला वेळ मिळावा म्हणून सहाही जण हातात नुसते दगड घेऊन खिंडीत उभे राहिले आणि तिथेच मेले. कोयते पायांखाली होते, पण कुणी माती उकरली नाही. लुटारू होते, खुनी होते, मी नाही म्हणत नाही. तरी मला त्यांची माया वाटते. का वाटू नये? आमचं सारं गाव त्या पोरीचीच लेकरं.

आजही बाळाला पहिल्यांदा घराबाहेर काढलं की या गवतावर आणून निजवतात. आई वाकून सांगते, "मामांनो, भाची आलीय, बघा." मुलगा असला तरी भाचीच म्हणायचं.